मनन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (एक श्लोक, पंधरा दिवस)

उंबरठा

'रोज थोडं चिंतन करा' हे कीर्तनात, प्रवचनात, योगवर्गात सगळीकडे कानावर पडतं. करायचं काय, ते मात्र क्वचितच कुणी सांगतं. मग लोक डोळे मिटून बसतात, येतील ते विचार येऊ देतात, वीस मिनिटांनी उठतात आणि चिंतन झालं म्हणतात. ती फार तर विश्रांती झाली.

आधी शब्दाचं बघू. मराठीत 'चिंतन' फार सैल झालंय. कीर्तनकार 'चिंतनाला घेतलेला अभंग' म्हणतात तेव्हा त्यांना निरूपण अभिप्रेत असतं. निवडणूक हरलेला पक्ष चिंतन बैठक घेतो, तिथे काय चालतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. म्हणून या धाग्यात 'मनन' हा अरुंद शब्द धरू. बृहदारण्यकात (२.४.५) याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात: श्रोतव्यः, मन्तव्यः, निदिध्यासितव्यः. ही तीन वेगळी कामं आहेत. ग्रंथ नक्की काय म्हणतोय हे श्रवणात ठरतं. 'पण हे असं कसं असेल?' ही अडचण (असंभावना) मननात सुटते. आणि पटलेलं असूनही जुन्या वळणाने उलटंच वाटत राहतं (विपरीतभावना), त्यावर निदिध्यासन. समर्थांच्या मराठीत त्याचंच 'निजध्यास' झालं.

म्हणजे मननाला खाद्य शंकेचं लागतं. जी ओळ वाचून मनात एकही 'पण' उठत नाही, ती मननाला घेऊ नये. पाठ करावी, गावी, तिचं मनन होत नाही.

नमुन्याला मनाच्या श्लोकांतला अकरावा घेऊ:

जनीं सर्वसूखी असा कोण आहे
विचारें मना तूंचि शोधूनि पाहें
मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें
तयासारिखें भोगणें प्राप्त झालें

वेळ रोज एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. त्यात ३ मिनिटं पठण, १५ मिनिटं एकच प्रश्न, ४ मिनिटं काहीही न करता गप्प, २ मिनिटं लिहिणं. गप्प बसण्याची चार मिनिटं लोक हमखास कापतात. कापू नका, खळबळलेलं पाणी निवळायला तेवढा वेळ लागतो.

पहिले दोन दिवस फक्त पाठांतर. वृत्त भुजंगप्रयात, एका चरणात १२ अक्षरं, श्लोकात ४८. चालीत म्हटला तर एकदा म्हणायला पंधरा सेकंद पुरतात, त्यामुळे तीन मिनिटांत दहा-बारा आवृत्त्या सहज होतात. श्लोक मुखोद्गत नसेल तर पुढचं सगळं फसतं, कारण मन अडलं की नजर पुस्तकाकडे पळते आणि मननाचं वाचन होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अन्वय, म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जोडायचा ते लावणं. 'सर्वसूखी' म्हणजे सगळे लोक सुखी असं नव्हे, सर्व बाजूंनी सुखी असा एक तरी माणूस. 'सू' आणि 'संचीत'मधला 'ची' दीर्घ आहेत ते वृत्तासाठी, त्यात गूढार्थ शोधत बसू नये. दुसऱ्या चरणातला 'चि' महत्त्वाचा: तूंचि, तूच. दुसऱ्याने शोधून दिलेलं चालणार नाही.

पाचव्यापासून दहाव्यापर्यंत रोज एक प्रश्न, आदल्या रात्री लिहून ठेवलेला. 'कोण आहे?' हा खरा प्रश्न आहे की नकार? शोधायचं कुठे: ओळखीच्या माणसांत, की स्वतःच्याच वेगवेगळ्या वयांत? सुख आणि सर्वसुख यांत काय फरक? पहिल्या दोन चरणांत निरीक्षण आहे आणि पुढच्या दोनांत सिद्धान्त, मग एकातून दुसरं निघतं का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत टोकदार आहे, त्याला दोन दिवस द्यावे लागतात.

अकरा-बारा: विरुद्ध पक्ष. श्लोक न मानणाऱ्या माणसाची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची. तेरा-चौदा: जे उरलं ते स्वतःच्या एका वाक्यात धरून नुसतं बसायचं, वाद बंद. पंधराव्या दिवशी वही पहिल्यापासून वाचायची.

टीका, भाष्य, प्रवचनाची ध्वनिफीत, यातलं काहीही दहाव्या दिवसाआधी नको. आधी वाचलंत तर पुढचे दिवस दुसऱ्याचं उत्तर घोकण्यात जातात.

पायवाट

छान लिहिलंय. एक मूलभूत शंका. प्रश्न घेऊन बसलं की पाच मिनिटांत त्याची काळजी होते. 'सर्वसुखी कोण' वरून मन घराच्या हप्त्यावर जातं आणि तिथेच घिरट्या घालतं. चिंतन आणि चिंता यांच्यातली रेघ आतून कशी ओळखायची? ते 'चिता आणि चिंता यांत एका बिंदूचाच फरक' सुभाषित सगळ्यांना माहीत आहे, पण त्याने काम होत नाही.

धातुसाधित

त्या सुभाषितातला विनोद लिपीचा आहे, व्याकरणाचा नाही. चिता 'चि' धातूपासून: रचणे, ढीग करणे. चिंता 'चिन्त्' पासून, धातुपाठात (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत) त्याचा अर्थ 'स्मृत्याम्', म्हणजे आठवणे, दिलाय. दोघी बहिणी नव्हेत, शेजारणीही नव्हेत. गंमत पुढे आहे: ध्यान ज्यापासून आलं त्या 'ध्यै' धातूचा अर्थ धातुपाठात 'चिन्तायाम्' असाच आहे. म्हणजे मुळात चिंता, चिंतन आणि ध्यान एकाच वाड्यातल्या खोल्या. 'काळजी' हा अर्थ चिंतेला नंतर चिकटला. निदिध्यासन हे त्याच 'ध्यै'चं इच्छार्थक रूप (नि + दिध्यासा), म्हणून शब्दशः पाहिलं तर त्यात ध्यानाची ओढ आहे, ध्यान पुरं झाल्याचा दावा नाही.

उंबरठा

@पायवाट, ओळखण्याची एक कोरडी कसोटी आहे. बसताना मनातलं वाक्य लिहा, उठताना पुन्हा लिहा. मननात वाक्य बदलतं: एखादा शब्द गळतो, अट जोडली जाते, प्रश्न लहान होतो. चिंतेत ते जसंच्या तसं परत येतं, फक्त आवाज चढलेला असतो. आणखी दोन खुणा: चिंतेच्या वाक्याचा कर्ता जवळजवळ नेहमी 'मी' आणि क्रियापद भविष्यकाळी ('माझं कसं होणार'). मननाचं वाक्य बहुधा वर्तमानकाळी आणि कर्ता कुणीही.

हप्ता आठवला तर त्याच्याशी भांडू नये. शेजारी वेगळा कागद ठेवावा, त्यावर 'हप्ता, बँकेत विचारणे' एवढंच लिहावं आणि परत श्लोकावर यावं. मननाच्या वहीत मात्र हे लिहू नये, नाहीतर आठवड्यात तिची वाणसामानाची यादी होते.

एकतारी

इतका खटाटोप कशाला? नाम घ्यावं. हरिपाठ 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' म्हणतो, एक क्षण पुरे म्हणतो. बुद्धीने खोदत बसणं हा पंडितांचा छंद, साध्या माणसाचं काम नाही.

सूत्रधारी

@एकतारी, योगसूत्रांत (१.२८) जपाची व्याख्याच 'तज्जपस्तदर्थभावनम्' अशी आहे: त्याचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना, दोन्ही जोडीने. अर्थ बाजूला ठेवून केलेल्या जपाला योगसूत्रांचा तरी आधार मिळत नाही. भक्तिमार्गाचं तुम्ही जास्त जाणता.

व्यवहारात दोन्ही जुळतात. 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरांना साडेतीन सेकंद धरले तर १०८ मण्यांच्या माळेला सहा-सव्वासहा मिनिटं लागतात. एक माळ आधी, मग मनन, हा क्रम चांगला बसतो, कारण जपाने वाणी आणि श्वास एका लयीत येतात. उलटा क्रम जमत नाही. मननाने चाळवलेली बुद्धी जपात शिरते आणि माळ हातात फिरत राहते, मन त्या वादातच अडकून.

एकतारी

अर्थभावना मान्य. पण ती नाम घेता घेता आपोआप होते, वेगळी घटिका मोडावी लागत नाही, एवढंच म्हणणं.

सूत्रधारी

ज्याची होते त्याची होते, त्याला हा धागा नकोच. ज्याचं नाम चालू असताना डोक्यात दुकानाचा हिशेब चालू असतो, त्याच्यासाठी हे.

कोनाडा

आता अडथळ्यांचं. गौडपादांच्या माण्डूक्य उपनिषदावरच्या कारिकांत (श्लोकांत, ३.४४-४५) चार नोंदलेत आणि सदानंदांच्या वेदान्तसारात तेच नावांनिशी येतात: लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. मूळ संदर्भ समाधीचा आहे, मननाचा नाही, हे आधीच कबूल करतो. पण बसणाऱ्या प्रत्येकाला हेच चार भेटतात, आणि लोक चौघांवर एकच औषध ('मन एकाग्र करा') देतात, तिथेच बिघडतं.

लय म्हणजे झोप, पेंग, गुंगी. कारिका म्हणते 'लये संबोधयेत्', जागं करा. जेवणानंतर दोन-अडीच तास मननाला बसू नये, भिंतीला टेकू नये, डोळे पूर्ण मिटू नयेत. तरी पेंग आली तर उभं राहून श्लोक मोठ्याने दोनदा म्हणावा. ब्राह्ममुहूर्त (सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत) कागदावर उत्तम, पण रात्री बाराला झोपणाऱ्याने तो धरला तर पंधरा दिवस लयाचेच होतात. अशा माणसाने संध्याकाळी दिवेलागणीला बसावं.

विक्षेप म्हणजे भरकटणं. 'शमयेत् पुनः', पुन्हा शांत करा. कारिकेतला 'पुनः' सगळ्यांनी अधोरेखित करावा. पंधरा मिनिटांत वीसदा परत आणावं लागलं तर तो वीसदा केलेला अभ्यास आहे, वीस चुका नाहीत. फारच उड्या पडत असतील तर प्रश्न मोठा आहे असं समजावं आणि अर्धा करावा. 'सुख म्हणजे काय' वर कुणाचंही मन टिकत नाही. 'काल दुपारी जे सुख वाटलं त्यात कसली कमी होती' यावर टिकतं.

कषाय ओळखायला अवघड. झोप नाही, भरकटणं नाही, तरी मन दगडासारखं अडलेलं. श्लोक म्हटला जातो, काहीच उमटत नाही. खाली कुठेतरी जुना राग किंवा ओढ चिकटून असते, कापडावर बसलेल्या काषायाच्या डागासारखी. इथे कारिका औषध देत नाही, फक्त 'विजानीयात्' म्हणते: ओळखा. हा दिवस ओढून-ताणून काढू नये. वहीत 'आज अडलं' लिहून उठावं. जोर केला की डाग पसरतो.

रसास्वाद सगळ्यांत गोड आणि म्हणून सगळ्यांत घातक. आठव्या-नवव्या दिवशी एखादा सुरेख विचार सुचतो, अंगावर काटा येतो, आणि माणूस प्रश्न सोडून त्या काट्यालाच कुरवाळत बसतो. हल्ली याची ठळक खूण म्हणजे तोच विचार दहा मिनिटांत व्हॉट्सॲपच्या स्टेटसला झळकतो. 'नास्वादयेत् सुखं तत्र', तिथल्या सुखाची चव घेऊ नये. पंधरा दिवस संपेपर्यंत वहीतलं कुणालाही सांगायचं नाही, हा नियम त्यासाठी.

धातुसाधित

कोनाडा, उत्तम. किरकोळ भर: योगसूत्र १.३० मध्ये नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, आहेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. यातलं स्त्यान (मनाची जडता) तुमच्या लयाजवळ आणि अविरती (विषयांची न सुटणारी ओढ) कषायाजवळ जाते. संशय मात्र तिथे विघ्नांत मोजलाय आणि वर @उंबरठा यांनी शंकेला मननाचं खाद्य म्हटलंय. हा विरोध सोडवायला हवा.

उंबरठा

विरोध नाही. मननातली शंका विषयाविषयी असते ('हा श्लोक खरा का?'). सूत्रातला संशय दोन्ही बाजूंना हात लावत राहणारा, कुठेच न टेकणारा. दोन्हींचं मूळ एक असलं तरी पहिलीला मुदत असते. म्हणून तर पंधरा दिवस. मुदत संपली की, उत्तर मिळालेलं असो वा नसो, श्लोक खाली ठेवायचा.

जिनवाणी

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या मराठी जैन घरांत हीच गोष्ट 'अनुप्रेक्षा' नावाने चालते, आणि तिची चौकट फार आखीव आहे, म्हणून इथे मांडते.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या नवव्या अध्यायात बारा अनुप्रेक्षा आहेत: अनित्य, अशरण, संसार, एकत्व, अन्यत्व, अशुचि, आस्रव, संवर, निर्जरा, लोक, बोधिदुर्लभ, धर्म. सूत्रात यांच्या 'अनुचिन्तना'ला अनुप्रेक्षा म्हटलंय. अनु म्हणजे मागोमाग, पुन्हा पुन्हा. त्याच अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार येतात: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. क्रमाकडे बघा. वाचल्यावर लगेच अनुप्रेक्षा नाही, मध्ये पृच्छना आहे, म्हणजे जाणत्याला विचारून अर्थ पक्का करणं. धर्मोपदेश सर्वांत शेवटी. आपल्याकडे वाचना झाली की थेट धर्मोपदेश सुरू होतो, ते निराळं. :)

म्हणून 'दहाव्या दिवसाआधी टीका नको' याला माझा अर्धा विरोध आहे. अन्वय चुकला तर पुढचे अकरा दिवस चुकीच्या वाक्यावर जातील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शब्दार्थ जाणत्याला विचारावा. भावार्थ विचारू नये.

आता @पायवाट यांच्या प्रश्नाकडे. जैन शास्त्रात चिंता ध्यानाच्या बाहेर नाहीच! ध्यानाचे चार प्रकार: आर्त, रौद्र, धर्म्य, शुक्ल. आर्तध्यान पुन्हा चार कारणांनी: नकोसं जवळ आलं, हवंसं दुरावलं, शरीराची वेदना, आणि निदान म्हणजे पुढच्या भोगाची आस. हप्त्याची काळजी करणारा माणूस ध्यानच करतोय, एकाग्रही आहे, विषय चुकलाय. त्यामुळे 'एकाग्र व्हा' सांगून उपयोग नाही. विषय बदलावा लागतो, आणि अनुप्रेक्षेचं काम तेवढंच.

वेळेचंही सूत्रातच आहे. एका विषयावर चिंता रोखून धरणं ते ध्यान, आणि ते उत्तम बांध्याच्या माणसालाही अंतर्मुहूर्तापर्यंतच, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत. सामायिकाला (जैनांच्या समभावाच्या बैठकीला) ४८ मिनिटं ठरलेली असतात, त्यात पाठ, जाप, अनुप्रेक्षा सगळं मिळून बसवतात. तासन्‌तास मनन करतो म्हणणाऱ्याने घड्याळ तपासावं.

एक सावधगिरी. अशुचि भावना (देहाच्या मलिनतेचा विचार) नवख्याने आधी घेऊ नये. तिचा हेतू देहाचा मोह उतरवणं हा आहे, पण घाई केली की किळस उपजते, आणि किळस हा द्वेषाचाच प्रकार. मोह गेला नाही, द्वेष मात्र आला. अनित्यपासून क्रमाने जावं.

उंबरठा

पृच्छनेचा मुद्दा मान्य. वरच्या नियमात दुरुस्ती: शब्दार्थ तिसऱ्या दिवशी विचारायला हरकत नाही, भावार्थ दहानंतर.

पिंपळपान

बौद्धांच्या पाली ग्रंथांतही प्रज्ञेच्या तीन पायऱ्या अशाच आहेत: सुतमया पञ्ञा (ऐकून आलेली), चिन्तामया (विचारून आलेली), भावनामया (अभ्यासाने स्वतः अनुभवलेली). नावं इतकी जवळची असल्यामुळे एक घोटाळा सतत होतो, तेवढाच सांगतो. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात काम भावनामयेचं असतं: आधी श्वास, मग अंगावरच्या संवेदना. तिथे वाचन-लेखन बंद असतं, वहीसुद्धा नाही. अशा शिबिरात जाऊन मनातल्या मनात श्लोकाचा अन्वय लावत बसणारे लोक दोन्ही गमावतात. आणि उलटही खरं: या धाग्यातल्या २४ मिनिटांत मध्येच श्वास पाहायला लागलात तर प्रश्न सुटून जातो. एका बैठकीत एकच काम.

तिफण

इथल्या सगळ्यांना स्वतंत्र खोली आणि शांतता आहे असं दिसतंय. दोन खोल्यांचं घर, टीव्ही, पोरांचा अभ्यास, सकाळी सातची लोकल. तिथे काय करायचं?

कोनाडा

निम्मं करा. १२ मिनिटं: २ पठण, ७ प्रश्न, २ गप्प, १ लेखन. पंधराऐवजी महिना लावा. त्याहून खाली मात्र नको, मन विषयावर यायलाच तीन-चार मिनिटं जातात. आवाज चालतो, बोलणं चालत नाही: पंख्याची घरघर, रस्ता, गाडीचा खडखडाट याने फारसं बिघडत नाही, पण समजणाऱ्या भाषेतला आवाज थेट प्रश्नावर येऊन बसतो. म्हणून टीव्हीशेजारच्या खोलीपेक्षा गॅलरी बरी, आणि लोकलमध्ये गप्पांच्या घोळक्यापेक्षा दाराजवळची बाजू. (आतल्या बाजूची. पायरीवर लटकून मनन नको.) चालताना पठण उत्तम होतं. प्रश्नासाठी बसावं.

वही लहान घ्या, हातभर नको. डाव्या पानावर प्रश्न, उजव्यावर उत्तर, रोज पाच ओळींच्या वर नाही. मोबाईलवर लिहायला गेलात की संदेश दिसतो आणि दोन मिनिटांची वीस होतात.

चाफेकळी

मला श्लोकाच्या निवडीबद्दलच बोलायचंय. 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें' हे अनेकांच्या हातात दोन प्रकारे घातक होतं. एक, दुसऱ्याच्या दुःखावर लावलं जातं: तिचं संचित, भोगतेय. दुसरं, आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला त्यात आणखी एक पुरावा सापडतो. नुसतं 'पंधरा दिवस करा' म्हणणं पुरेसं नाही.

उंबरठा

दोन्ही रास्त. पहिल्याचं उत्तर श्लोकाच्या व्याकरणातच आहे. 'मना' हे संबोधन, 'त्वां' ही द्वितीय पुरुषाची तृतीया, आणि बोलणारा स्वतःच्या मनाशी बोलतोय. 'त्याने केलं, तिने केलं' असं रूप इथे बसतच नाही. दुसऱ्याच्या दुःखावर हा श्लोक लावणं म्हणजे अन्वय बदलणं. तिसऱ्या दिवशी हे नीट झालं तर पुढची क्रूरता टळते.

विरुद्ध पक्ष मांडताना (अकरा-बारा) हेही घ्यावं: कुणीच सर्वसुखी नाही हे निरीक्षण संचित न मानणाऱ्यालाही मान्य होईल. मग संचिताची गरज काय? 'पूर्वसंचित' आणि 'प्राप्त' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. साठलेलं ते संचित, त्यातलं वाट्याला येऊन भोगावं लागतं ते प्रारब्ध, आणि आता करतोय ते क्रियमाण. श्लोकात तिसऱ्याचं नाव नाही, पण 'शोधूनि पाहें' ही आज्ञा क्रियमाणाचीच आहे. मन फक्त भोगणारंच असतं तर त्याला शोधायला सांगण्यात अर्थ नव्हता. शेवटी पटो न पटो, इथपर्यंत पोचणं म्हणजे मनन.

रुग्णसेवा

@चाफेकळी यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, भूक गेलेली, कशात रस नाही, 'सगळं माझ्यामुळे' हेच वाक्य डोक्यात, अशा स्थितीत एकट्याने बसून कुठलंही मनन सुरू करू नये. वर दिलेल्या कसोटीत ते वाक्य बदलणारच नाही, कारण तो आजार आहे, आणि एकांताने तो वाढतो. डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. औषधोपचार चालू असताना पठण, नाम, चालणं यांना हरकत नसते. प्रश्न खोदण्याबद्दल मात्र उपचार करणाऱ्यांना विचारावं.

पायवाट

यावरून विचारते: स्वतःला दोष देण्याकडे कल असलेल्या, पण आजारी नसलेल्या माणसाने अकराव्याऐवजी कुठला श्लोक घ्यावा?

सूत्रधारी

लगेच पुढचा, बारावा:

मना मानसीं दुःख आणूं नको रे
मना सर्वथा शोक चिंता नको रे
विवेकें देहेबुद्धि सोडूनि द्यावी
विदेहीपणें मुक्ति भोगीत जावी

तुमचा चिंतेचा प्रश्नही दुसऱ्या चरणात आयता आलाय. 'पण' इथेही भरपूर उठतात: 'आणूं नको' म्हटल्याने दुःख यायचं थांबतं का? पहिल्या चरणातलं क्रियापद नीट पाहा. दुःख 'येऊं देऊ नको' नाही, 'आणूं' नको. येणारं आणि आणलेलं, या फरकावरच तीन दिवस जातील. तिसरा चरण आठव्या दिवसापर्यंत उघडू नये, देहबुद्धी हा शब्द ऐकून ऐकून इतका गुळगुळीत झालाय की त्यावर लगेच शंकाच उठत नाही.

तिफण

पाठांतराला लागलो. तिसऱ्या चरणात अडखळायला होतंय. 'विवेकें देहेबुद्धि' म्हणताना 'दे'वर ताल चुकतो. छापण्यात चूक आहे का?

धातुसाधित

चूक नाही. भुजंगप्रयातात प्रत्येक तीन अक्षरांचा गट लघु-गुरु-गुरु असतो. 'वि-वे-कें' बरोबर बसतं, पुढच्या गटात पहिलं अक्षर लघु हवं आणि तिथे 'दे' आलाय. म्हणताना तो 'दे' आखूड उच्चारायचा आणि 'हे'वर लांबवायचं: विवेकें । दॆहेबुद् । धि सोडू । नि द्यावी. जुन्या मराठी कवितेत ए-ओ असे ऱ्हस्व उच्चारून वृत्त सांभाळलेलं पुष्कळदा दिसतं. चालीत दोनदा म्हणून पाहा, बसेल.

तिफण

बसलं.